चवथीच्या सुट्टीआधी: सिग्नल-फझिंग चालू ठेवून घरी जाताना

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात माझ्या खिशात दोन याद्या असतात. एक आईनं सांगितलेली, माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीच्या) सामानाची: नारळांची पेण, सुपारीचा घोस, तोरिंगं, चिबूड, कांगणी. दुसरी ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या मशीनची. फोंड्यातलं आमचं ऑफिस पाच दिवस बंद असतं, मशीन मात्र चालू. त्याच्यावर फझर लावून आम्ही आपापल्या गावी जातो. फझर म्हणजे प्रोग्रामला अखंड वेड्यावाकड्या फाइली खायला घालणारा आणि तो कुठे कोसळतो ते टिपून ठेवणारा कारकून. दोन वर्षांपासून आम्ही त्यात एक भर घातली आहे. नुसतं वाकडं खायला घालायचं नाही, जेवता जेवता उठवायचंही. फाइल अर्धी वाचून झालेली असताना सिगटर्म पाठवायचा, म्हणजे ‘आता बंद हो’ असा सिस्टिमचा निरोप (अशा नंबर दिलेल्या निरोपांना सिग्नल म्हणतात, हा १५ नंबरचा), आणि बघायचं, पठ्ठ्या पान आवरून उठतो की खरकटं तसंच टाकून पळतो.

पहिल्या वर्षी परत आलो तर क्रॅशच्या फोल्डरमध्ये फाइलींचा ढीग. फर्मागुडीहून शिकून नुकतीच आमच्याकडे लागलेली मुलगी आनंदानं सांगत आली, ‘‘सर, एवढे बग सापडले!’’ सगळ्या फाइलींच्या नावात ‘सिग १५’ लिहिलेलं. पाऊण दिवस घालवल्यावर कळलं, त्यातला एकही बग नव्हता. मारणारे आम्हीच होतो. म्हणून या यादीतलं बहुतेक सगळं एकाच प्रश्नाभोवती फिरतं: प्रोसेस मेली तर कोणी मारली, हे निघायच्या आधी ठरलेलं आणि नंतर ओळखता येण्यासारखं आहे का?

सुरुवात कागदानं करा, कीबोर्ड नंतर. तुमच्या प्रोग्रामला खऱ्या जगात कोण उठवतं ते लिहून काढा. लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारं सिस्टिमडी एखादी सर्व्हिस बंद करताना आधी १५ म्हणजे सिगटर्म पाठवतं, नेहमीच्या मांडणीत ९० सेकंद थांबतं, आणि मग ९ म्हणजे सिगकिल. कंटेनर चालवणाऱ्यांपैकी डॉकर १० सेकंद थांबतो, कुबरनेटीस ३०. टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबलं की २, टर्मिनलच तुटलं तर १. यातले ९ आणि १९, म्हणजे सिगकिल आणि सिगस्टॉप, कोणालाही पकडता, अडवता किंवा दुर्लक्षिता येत नाहीत. त्यामुळे तिथे हँडलरची, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनची, परीक्षा नसते, मागे उरलेल्या फाइलींची असते. या प्रत्येकासमोर ‘बरोबर वागणं’ म्हणजे काय ते एका ओळीत लिहा: किती सेकंदांत मरायचं, कुठल्या कोडनं, आणि डिस्कवर काय शिल्लक राहिलेलं चालेल. आमच्या प्रोग्रामसाठी ती ओळ अशी होती: १५ आल्यावर ५ सेकंदांत ० कोडनं बाहेर, इंडेक्स फाइल एकतर जुनी पूर्ण नाहीतर नवी पूर्ण, अर्धी कधीच नाही. ही ओळ नसेल तर पाच दिवसांनी हाती येतो तो नुसता ढीग, कारण चुकलं कशाला म्हणायचं हेच ठरलेलं नसतं.

आता फझरच्या स्वतःच्या हातातली काठी बघा. एएफएल प्लस प्लस या फझरमध्ये प्रोसेस वेळेत संपली नाही की तिला सरळ ९ नं मारतात. त्याच्या कामाला ते योग्यच आहे, त्याला सेकंदाला शेकडो वेळा प्रोग्राम चालवायचा असतो. पण त्याचा अर्थ असा की कोट्यवधी फेऱ्या झाल्या तरी तुमचा सिगटर्मचा हँडलर एकदाही चाललेला नसतो. ‘आम्ही आठवडाभर फझ केलं’ म्हणणाऱ्याला हे विचारून बघा. वेळ संपल्यावर कुठला सिग्नल द्यायचा हे ‘एएफएल किल सिग्नल’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलनं बदलता येतं. तिथे १५ घातलं की काम झालं असं आम्हालाही वाटलं होतं. पण हँडलरच अडकला आणि प्रोसेस १५ नं मेलीच नाही, तर मागून ९ घालणारा कोणीतरी लागतो, नाहीतर सगळा कारभार तिथेच ताटकळतो.

आणि उलट बाजूनं, ज्याच्याकडे हँडलरच नाही असा प्रोग्राम १५ मिळाल्यावर सिग्नलनंच मरतो. वेळ संपलेली नसताना प्रोसेस सिग्नलनं मेली की फझर ते क्रॅश म्हणून फाइल करतो, सिग्नल कुठला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आमचे ते ‘सिग १५’ असेच जमले होते. आम्ही वेगळी एक रखवालदार स्क्रिप्ट लावली होती, ती जुन्या प्रोसेस दिसल्या की १५ पाठवत होती, आणि फझर इमानदारीत प्रत्येकाचा पंचनामा करत होता. फाइलीच्या नावात ‘सिग ०९’ दिसलं तर आधी कर्नलच्या लॉगमध्ये बघा. मेमरी संपल्यावर कर्नल स्वतःच प्रोसेस मारतो, आणि ते खापर प्रोग्रामवर फुटतं.

म्हणून आता आम्ही दोन्ही एका भांड्यात शिजवत नाही. फाइल-वाचनाचं फझिंग नेहमीसारखं, ९ च्या काठीनं चालतं. त्यातून जमलेल्या चांगल्या नमुना-फाइली घेऊन सिग्नलची फेरी वेगळी चालते, आणि तिला फझर लागतच नाही. लिनक्सच्या मूळ कमांडांच्या कोअरयुटिल्स संचातली साधी ‘टाइमआउट’ कमांड पुरते: तिला सांगायचं की अमुक वेळानं १५ दे, तरी नाही मेला तर २ सेकंदांनी ९ दे. वेळ भरल्यामुळे मारलं तर तिचा कोड १२४ येतो, ९ घालावा लागला तर १३७. हे १३७ म्हणजेच तुमचे अडकलेले हँडलर. हातानं शेल स्क्रिप्ट लिहीत असाल तर १२८ अधिक सिग्नलचा नंबर एवढं लक्षात ठेवा: १४३ म्हणजे १५ नं मेला, १३४ म्हणजे अबॉर्ट, १३९ म्हणजे सेगफॉल्ट. पण प्रोग्राम स्वतःहून १४३ कोड देऊन बाहेर पडला तर शेलला फरक कळत नाही. तिथे वेटपिड हा सिस्टिम कॉल वापरून नीट विचारावं लागतं, की बाबा तू मेलास की गेलास.

पुढची गोष्ट सगळ्यात कमी लोक तपासतात आणि सगळ्यात जास्त रात्री खाते. सिग्नलकडे दुर्लक्ष करण्याची सवय आईबापाकडून मुलाला मिळते. एखाद्या प्रोसेसनं सिग्नल ‘इग्नोर’ करून ठेवला असेल, तर ती जो प्रोग्राम एक्झेक करेल, म्हणजे स्वतःच्या जागी चालवेल, त्यातही तो इग्नोरच राहतो. अडवून ठेवलेल्या सिग्नलांचा मास्कही तसाच पुढे जातो. आता सुट्टीला जाताना आपण काय करतो? नोहप लावून, शेवटी अँपरसँड देऊन स्क्रिप्ट सोडतो. नोहपनं १ नंबर इग्नोर केला. स्क्रिप्टमधल्या शेलनं बॅकग्राउंडला टाकताना २ आणि ३ इग्नोर केले. म्हणजे तुम्ही ज्याची परीक्षा घ्यायला निघालात तो कानात बोळे घालूनच जन्माला आला.

हे डोळ्यांनी बघता येतं, आणि बघाच. प्रोसेस चालू असताना प्रोक फोल्डरमधली तिची ‘स्टेटस’ फाइल उघडा. त्यात ‘सिगब्लॉक’, ‘सिगइग्नोर’, ‘सिगकॉट’ अशा अर्थाच्या तीन आखूड नावांच्या ओळी असतात, प्रत्येकीपुढे सोळा अंकांचा हेक्स आकडा. उजवीकडून पहिला बिट म्हणजे सिग्नल १, पंधरावा म्हणजे १५. माझ्या प्रोग्रामच्या ‘पकडलेल्या’ ओळीत शेवटी ४००२ दिसायला हवं: ४००० म्हणजे १५, २ म्हणजे कंट्रोल-सी. आणि ‘इग्नोर’ची ओळ सगळी शून्य हवी. पहिल्या वर्षी तिथे ७ होता. १, २ आणि ४ ची बेरीज, म्हणजे सिग्नल १, २, ३, तिन्ही गुडुप. हार्नेस, म्हणजे ही परीक्षा घेणारा प्रोग्राम, पायथनमध्ये लिहिला असेल तर १००० दिसतो का तेही बघा. पायथन स्वतः सिगपाइप इग्नोर करून बसतो. सबप्रोसेस मॉड्यूल मुलाला सोडताना ते पूर्ववत करतं, पण तुम्ही हातानं फोर्क-एक्झेक केलं असेल तर नाही. आता आमच्या स्क्रिप्टची पहिली पाच सेकंदं याच कामात जातात: प्रोग्राम उठवा, स्टेटस फाइलीतल्या त्या तीन ओळी वाचा, आकडा जुळला नाही तर पुढे जाऊच नका.

मग हँडलरचा कोड कागदावर छापून वाचा. हो, छापून. दहा-पंधरा ओळींचाच असतो. त्यात प्रिंटएफ आहे? मेमरी मागणारं-सोडणारं मॅलॉक, फ्री? सिस्टिमच्या नोंदवहीत लिहिणारं सिसलॉग? स्वतःचं लॉग फंक्शन, ज्याच्या पोटात कुलूप (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) आहे? सिग्नल कुठल्याही दोन सूचनांच्या मधे येऊ शकतो. मॅलॉक स्वतःची वही अर्धी लिहून झालेली असताना आला आणि हँडलरनं पुन्हा मॅलॉकलाच हाक मारली, की पुढे काय होईल ते सांगता येत नाही. आमचं प्रकरण त्यापेक्षा साधं होतं. हँडलर लॉगमध्ये ‘बंद होत आहे’ असं लिहायचा. मुख्य धागा (थ्रेड) नेमका लॉगच लिहीत असताना, कुलूप हातात असताना १५ आला. हँडलर त्याच कुलपासाठी थांबला, आणि कुलूप ज्याच्याकडे तो हँडलर संपायची वाट बघत थांबला. ९० सेकंदांनी सिस्टिमडीनं ९ घातला. इंडेक्स फाइल तेव्हा ‘आधी रिकामी करून मग लिहू’ या टप्प्यावर होती. सकाळी ग्राहकाचा फोन आला, तेव्हा ती ० बाइटची होती.

हे फक्त आमच्यासारख्या चार माणसांच्या ऑफिसात होतं असं नाही. दूरच्या मशीनवर लॉगिन करून देणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये २०२४च्या जुलैत क्वालिस या सुरक्षा कंपनीनं दाखवून दिलेला दोष नेमका याच जातीचा. लॉगिन करायला दिलेला वेळ, मुळातली मांडणी १२० सेकंदांची, संपला की सिगअलार्म येतो, त्याचा हँडलर सिसलॉगला हाक मारतो, आणि सिसलॉगच्या पोटात मॅलॉक. मजा अशी की हाच दोष २००६ साली एकदा दुरुस्त झाला होता आणि नंतरच्या बदलांत परत शिरला. घटना जुळून यायला सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागतात असं शोधणाऱ्यांनी लिहिलं होतं. बाइट उलटेपालटे करणाऱ्या साध्या फझरला हे कधी सापडणार? इथे वाकडं बाइटमध्ये नाही, वेळेत आहे. हँडलरांच्या या धोक्यावर २००१ साली सविस्तर लिहिणारे मिखाल झालेव्स्की, आणि पुढे एएफएल लिहिणारेही तेच. तरी त्या हत्यारानं हा रोग आपोआप सापडत नाही, त्याला आपण वेगळं जुंपावं लागतं.

हँडलर दुरुस्त करण्याचे मार्ग ठाऊक असतीलच: आत फक्त एक झेंडा वर करायचा, ‘व्होलटाइल सिग-ॲटॉमिक-टी’ जातीचा, आणि बाकीचं मुख्य लूपनं बघायचं. पण याचीही एक फट यादीत टाका. मुख्य लूप रीडवर अडून बसला आहे आणि हँडलर ‘एसए-रीस्टार्ट’ लावून नोंदवला आहे, तर झेंडा वर जातो, रीड मात्र आपोआप पुन्हा सुरू होतो, आणि पुढची फाइल येईपर्यंत झेंड्याकडे कोणी बघतच नाही. रात्री फाइली येत नाहीत. मग पुन्हा ९० सेकंद, पुन्हा ९. अडून बसलेल्या लूपला उठवणारं सेल्फ-पाइप, सिग्नलएफडी किंवा पीसिलेक्ट, यांपैकी एक काहीतरी लागतंच. म्हणून नमुना-फाइलींमध्ये एक केस मुद्दाम ‘काहीच न येण्याची’ ठेवा. फझिंगवाले लोक ती हमखास विसरतात, कारण त्यांच्या डोक्यात सदा काहीतरी येतच असतं.

वेळ साधायची कशी, हा खरा रंजक भाग. यादृच्छिक मिलिसेकंद थांबून सिग्नल मारणं हा आळशी मार्ग. चालतो, पण सापडलेलं पुन्हा दाखवता येत नाही. मला आवडतो तो स्ट्रेसचा (strace, प्रोग्रामचे सिस्टिम कॉल टिपणाऱ्या हत्याराचा) ‘इंजेक्ट’ पर्याय. त्याला सिस्टिम कॉलचं नाव, सिग्नल आणि कितव्या वेळी हे सांगता येतं. म्हणजे ‘सातव्या राइटला १५’. एक नमुना-फाइल घ्यायची, तिच्या वाचनात एकूण किती राइट होतात ते मोजायचं, समजा ४०, आणि मग १ पासून ४० पर्यंत लूप. प्रत्येक वेळी नवा रिकामा फोल्डर, प्रत्येक वेळी शेवटी इंडेक्स तपासायचा. हेच रिनेम, एफसिंक, अनलिंक यांच्यासाठी. आमचा ० बाइटवाला प्रकार नव्यानं लिहिलेल्या कोडमध्ये याच लूपनं पुन्हा एकदा पकडला, आणि मोजणी ठरलेली असल्यानं दुसऱ्या दिवशी हुकमी दाखवता आला. एक खाचखळगा आहे. ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारं हत्यार, लावून बांधलेला प्रोग्राम स्ट्रेसखाली चालवाल, तर त्यातला गळती शोधणारा भाग तक्रार करून उठतो, कारण स्ट्रेस ज्याच्या जोरावर चालतो त्या ptrace कॉलखाली तो चालत नाही. त्या फेरीपुरतं गळती शोधणं बंद ठेवा, नाहीतर पुन्हा खोट्या क्रॅशांचा ढीग.

दुसरा मार्ग असा की खुद्द फझरच्या इनपुटमधले पहिले दोन बाइट आपण ठेवून घ्यायचे: एकानं सिग्नल ठरवायचा, दुसऱ्यानं कितव्या नोंदीनंतर प्रोग्रामनं तो स्वतःलाच पाठवायचा, म्हणजे ‘रेझ’ करायचा, ते. मग वेळसुद्धा फझरच्या हातातलं पीठ होते, त्याला हवी तशी मळता येते. पण रेझ नेहमी ठरलेल्या जागीच होतो, मॅलॉकच्या पोटात कधीच नाही. त्यामुळे तर्काच्या चुका सापडतात, कुलपाच्या सापडत नाहीत. नव्यानं करणाऱ्यानं रेझपासून सुरुवात करावी असं माझं मत. एका दुपारीत होतं.

सॅनिटायझर आणि लिबफझर यांचं थोडक्यात. ॲड्रेस सॅनिटायझर मुळात सिग्नल न देता १ कोड देऊन बाहेर पडतो. त्याला अबॉर्ट करायला सांगितलंत तरच ६ दिसतो. लिबफझर हा दुसरा फझर स्वतःचे हँडलर लावून बसतो आणि सगळं एकाच प्रोसेसमध्ये चालवतो, म्हणून प्रोग्रामनं आत कुठे एक्झिट केलं तरी तो ते दोष म्हणूनच नोंदवतो. सिग्नलची परीक्षा तिथे घ्यायला जाऊ नका. प्रोग्रामला मुलं असतील तर वेगळ्या सेशनमध्ये उठवा आणि सिग्नल एकट्याला न पाठवता ग्रुपला पाठवा. नाहीतर सकाळी पोरकी प्रोसेस पोर्ट अडवून बसलेली असते आणि नंतरच्या सगळ्या फेऱ्या तेवढ्यानंच नापास. कंटेनरमध्ये चालवत असाल तर पीआयडी १, म्हणजे आतली पहिली प्रोसेस, कोण आहे ते बघा. तिथे शेल बसलं असेल तर ते १५ पुढे देत नाही, आणि हँडलर नसलेल्या पीआयडी १ ला १५ नं काहीच होत नाही. सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी ‘एक्झेक’ लिहा, बहुतेकांचं भागतं.

आता पाऊस. भाद्रपदात आपल्याकडे ढग गडगडला की दिवे एकदा तरी लुकलुकतात, आणि हे या विद्येला शोभूनच दिसतं. फझिंगचा जन्मच वादळी रात्रीचा: १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातले बार्टन मिलर घरून फोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या युनिक्सवर काम करत होते, वादळानं तारेत खरखर शिरली, भलतीच अक्षरं उमटायला लागली, आणि साधे साधे प्रोग्राम कोसळले. विद्यार्थ्यांकडून त्यांनी ते पद्धतशीर करून घेतलं. १९९० साली छापलं तेव्हा तपासलेल्या युनिक्स उपयोगी प्रोग्रामांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा पडत होता.

आपल्या कामापुरतं सांगायचं तर वीज जाणं आणि ९ नं मारणं या एकच गोष्टी नव्हेत. ९ नं प्रोसेस मेली तरी तिनं कर्नलच्या हवाली केलेला मजकूर सुखरूप असतो. वीज गेली तर डिस्कवर न पोचलेलं सगळं जातं. म्हणून ‘९ ची फेरी पास, म्हणजे वीज गेली तरी चालेल’ असं कागदावर लिहू नका. यूपीएस किती वेळ खेचतो ते एकदा घड्याळ लावून मोजा. फझरचा आउटपुट फोल्डर वेगासाठी रॅममध्ये ठेवला असेल तर दर तासाला डिस्कवर नक्कल काढा, आणि मशीन परत उठल्यावर फझर जुन्या जागेवरून सुरू होईल अशी सोय करा. एएफएल प्लस प्लसमध्ये ‘ऑटोरिझ्यूम’ आहे. यात आम्ही एकदा पडलो ते असं: कोअर फाइल (क्रॅशच्या वेळची मेमरीची नक्कल) दुसऱ्या प्रोग्रामकडे पाइपनं जात असेल तर एएफएल सुरूच होत नाही, कारण क्रॅशची बातमी उशिरा पोचून त्याला ती टाइमआउट वाटू शकते. म्हणून ‘कोअर पॅटर्न’ आपण हातानं बदलतो. तो बदल रीबूट झाला की पुसला जातो. वीज गेली, आली, मशीन उठलं, स्क्रिप्ट उठली, आणि फझर एक ओळ लिहून चार दिवस गप्प बसला. ती सेटिंग आता सिसकंट्रोलच्या फाइलीत कायमची आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तीन खोटे रोगी चालवून बघा. वीस-वीस ओळींचे प्रोग्राम. एक १५ कडे दुर्लक्ष करणारा, एक हँडलरमध्ये एक मिनिट झोपणारा, एक मुद्दाम अर्धी फाइल टाकून ० कोडनं पळणारा. तिन्ही तुमच्या मांडणीत तीन वेगवेगळ्या नावांनी नापास झाले पाहिजेत. आमच्याकडे तिसरा पहिल्यांदा झोकात पास झाला, कारण आम्ही कोड बघत होतो, फाइल उघडून बघतच नव्हतो. मग चौथा, निरोगी, तो पास होतो ना तेही. आणि शेवटी सगळं चालू असताना फझरलाच कंट्रोल-सी द्या आणि पीजीरेपनं शोधा, मागे कोणी उरलंय का.

एवढं झाल्यावर ऑफिसातली ती फर्मागुडीची मुलगी एक कागद घेऊन मेन स्विचपाशी गेली. सुट्टीला कुलूप लावताना शेवटचा माणूस चांगल्या मनानं सगळं बंद करून जातो, हे तिला दुसऱ्या वर्षी कळलं होतं. कागदावर वर मराठीत ‘बंद करू नये’, खाली कोंकणीत ‘बंद करूं नाकात’, आणि सगळ्यात खाली मोठ्ठा ९, त्यावर फुली. फुलीचा अर्थ झाडूवाल्या मावशींना विचारून खात्री करून घेतली. मग मी तोरिंगांची पिशवी उचलली आणि वाळपईची बस गाठायला स्टँडकडे निघालो.